नवाचा एक

सोमवार, ३ मार्च

आज मी इतिहासकार झालो! सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. त्याआधी पाच मिनिटं मी दुसऱ्या मजल्यावर गळक्या नळाखाली बादली सरकवत होतो.

टायसाहेबांनी बोलावलं. टायसाहेब म्हणजे आमचे व्यवस्थापक. मॉल उघडला त्याच वर्षी जन्मले, आणि हे ते अशा थाटात सांगतात की जणू दोघांची फीत एकाच कात्रीने कापली. म्हणाले, "काका, पुनर्विकास पक्का झाला. अर्धा मॉल पाडणार, अर्धा ठेवणार. कामाभोवती पत्रे लागतील, त्या पत्र्यांवर मॉलचा इतिहास छापायचाय. तुम्ही लिहा. इथे तुमच्याइतकं जुनं दुसरं काही बोलत नाही."

जुनं पुष्कळ आहे. सरकता जिना आहे, बंद कारंजं आहे, तळघरातला पंप आहे. पण बोलणारं मीच एक. देखभाल विभागात इतकी वर्षं काढल्यावर हा मान मिळाला.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "तुम्ही लिहिणार? परवा यादीत सुई लिहिलीत, दुकानदाराने सुरी दिली." घरात माणसाला किंमत नसते हेच खरं.

बुधवार, ५ मार्च

इतिहास सुरू. पहिलं वाक्य चार वेळा लिहिलं. "शहराच्या मध्यभागी डौलाने उभ्या असलेल्या..." — खोडलं. डौलाने काय! पश्चिमेची भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली आहे. हे मलाच माहीत, कारण दर सहा महिन्यांनी मीच ती मोजतो.

मग सरळ लिहिलं. आधी इथे बसगाड्यांचं आगार होतं. ते शहराबाहेर गेलं आणि जागा सहा वर्षं मोकळी पडली. मग मॉल. शहरातला पहिला सरकता जिना आमच्याकडे आला. उद्घाटनाच्या दिवशी लोक तो चकचकीत जिना बघून बिचकले. पुढच्या एका आजींनी चपला काढल्या, तर मागच्या सगळ्यांनी काढल्या. वर पोचल्यावर कळलं की चपला खाली राहिल्या! तेव्हा खाली यायचा सरकता जिना नव्हता. दीडशे माणसं अनवाणी साध्या जिन्याने उतरली आणि एकमेकांच्या चपला घालून घरी गेली. तळमजल्यावरच्या चपलांच्या दुकानाला त्या आठवड्यात उसंत नव्हती.

बरं जमलंय. मीच वाचून मीच हसलो.

मग तिसऱ्या परिच्छेदात खांब आला आणि पेन थांबलं. म्हटलं, आज पुरे.

शुक्रवार, ७ मार्च

नव्या आराखड्याच्या वास्तुरचनाकार बाई आल्या. तिशीच्या असतील, चष्मा चेहऱ्यापेक्षा मोठा. मनात नाव ठेवलं — चष्मेवाली. सगळीकडे हात लावून बघतात. कठड्याला, फरशीला, टायसाहेबांच्या टेबलाला. टायसाहेब जरा मागे सरकून बसले.

आल्या आल्या खांबावर आदळल्या. त्यात विशेष नाही, सगळेच आदळतात. मुख्य दारातून आत आलं की सात पावलांवर, बरोबर मधोमध, छतापर्यंत गेलेला गोल खांब. आजूबाजूला दुसरा खांब नाही. नवखा माणूस आत येतो, वर बघतो, धडकतो, खांबालाच "सॉरी" म्हणतो. शहराला मात्र तो सवयीचा आहे. "खांबापाशी भेटू" म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. किती लग्नं त्या खांबापाशी ठरली असतील आणि किती मोडली असतील! माझं स्वतःचं ठरलं. ही पाऊण तास उशिरा आली होती.

चष्मेवालीने कपाळ चोळलं आणि एकदम म्हणाली, "काय विचार आहे हा! दारातच माणसाला थांबवायचं. धावत येतोस ना, थांब, बघ, मग आत जा. कुणाची कल्पना ही?"

टायसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"काका शोधून काढतील," टायसाहेब म्हणाले. शोधून!

शनिवार, ८ मार्च

इथे खरं लिहितो. ही वही कुणी वाचत नाही. बायकोला माझं अक्षर लागत नाही, तो एक फायदा.

मी पंचवीस वर्षांचा होतो. तीन ठिकाणांहून नकार घेऊन बसलेला. आईने तिच्या भावाला गळ घातली. मामा या मॉलच्या बांधकामावर सुपरवायझर होते. त्यांनी शब्द टाकला आणि मॉलचे नकाशे काढणाऱ्या मोठ्या साहेबांच्या ऑफिसात मी ट्रेसर म्हणून लागलो. साहेबांनी काढलेलं पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचं, एवढंच काम. त्या ट्रेसिंगची प्रत बांधकामावर जायची. नोकरी कच्ची. तीन महिन्यांनी पक्की होणार, किंवा घरी जाणार.

छतावरचं पावसाचं पाणी खाली आणायला एक जाड नळ होता. तो उघडा दिसू नये म्हणून त्याच्याभोवती विटांचा पोकळ खांब बांधायचा होता. त्याच्यावर भार काही नाही, नुसता देखावा. तो उभा कुठे करायचा, हे साहेबांनी चिठ्ठीवर आकड्यात लिहून दिलं. इमारतीच्या नकाशावर एक ते नऊ अशा रेघा असतात. रेघ नऊ म्हणजे मागचा कोपरा. रेघ एक म्हणजे मुख्य दार.

साहेबांच्या नवाला पोट नव्हतं, नुसती शेपटी. त्यांच्या एकाचंही तेच. चिठ्ठीत होता ९. मी वाचला १. आणि गिरवला असा वळणदार, ठसठशीत, की कुणाला शंकासुद्धा येऊ नये! आयुष्यात इतका सुंदर आकडा मी पुन्हा काढलेला नाही.

नळाचं ट्रेसिंग दुसऱ्या टेबलावर झालं, तिथे ९ बरोबर आला. त्यामुळे नळ मागच्या कोपऱ्यात उघडा पडला आणि खांब दारात, आत काहीच नसलेला. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो वासा मी काढून दिला.

उद्घाटनाला आठ दिवस असताना परांची उतरली. मालक झोकात दारातून आत आले, सात पावलं चालले आणि धाडकन आदळले! नाक धरून खाली बसले. नाकी नऊ येणं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

साहेबांनी आम्हा सगळ्यांना तिथेच उभं केलं. "हे कुणाचं काम?"

माझा हात खिशात होता. खिशात चिठ्ठी होती.

मामांनी हात वर केला. म्हणाले, "माझं. प्रत वाचायला चुकलो. नवाचा एक वाचला." साहेबांनी विचारलं, प्रत कुठाय? "चहा सांडला, फाडून टाकली."

मला वाटलं, काय नशीब बघा माझं! प्रत फाटली! साहेबांच्या आधी मी ऑफिसात पोचलो. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडायची असते, अगदी हलक्या हाताने, मग नखाने घासून गुळगुळीत करायची. त्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. दोन मिनिटांत १ चा ९ झाला.

फरशी बसली होती, वेळ नव्हता, म्हणून खांब राहिला. मामांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांना मोठं काम मिळालं नाही. "मुख्य दारात खांब बांधणारा" ही ख्याती त्यांच्या आधी पोचायची. कुंपणाच्या भिंती आणि पाण्याच्या टाक्या बांधत म्हातारे झाले. मी पक्का झालो, पुढे साहेबांच्याच शिफारशीने मॉलमध्ये आलो. मामाला मामा बनवलं! कोटी चांगली आहे. चौतीस वर्षांत कुणाला ऐकवता आलेली नाही.

मामा माझ्या लग्नात पहिल्या रांगेत होते. अजूनही भेटले की "काय भाचेबुवा" म्हणून पाठीत धपाटा घालतात. फक्त मॉलमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. त्यांनाही ती स्वतःचीच चूक वाटत असणार, असं मी धरून चालतो. किती सोयीचं आहे ते!

चिठ्ठी अजून ट्रंकेत आहे. आज काढून पाहिली. पहिल्यांदा ९ वाटला. चहा घेऊन आलो तर १.

मंगळवार, ११ मार्च

उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसरं काय लिहू?

चष्मेवालीने कुठल्या तरी जुन्या कपाटातून ते ट्रेसिंग मिळवलं. माझं! काचेच्या टेबलाखाली दिवा लावून तिने ते वर पसरलं. चौतीस वर्षांनी पाहिलं. कोपऱ्यात माझी बारीक सही.

"काका, ही सही तुमची ना? इथे बघा. ९ आहे, पण खाली खरवडलंय. खाली १ दिसतो. खांब उभा आहे तोही एकवर. म्हणजे आधी कुणीतरी तो दारात काढला. मग कागदावर नऊ केला. पण बांधला मात्र एकवरच. कुणी केलं हे?"

खरं सांगायची याहून चांगली संधी कधी येणार होती? तोंड उघडलं. म्हणालो, "मी."

"मुद्दाम?"

इथे थांबायला हवं होतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तसं माझ्याकडे शेवटचं कोणी बघितलं त्याला काळ लोटला. (तेसुद्धा एका बाईंना वाटलं होतं की लिफ्ट मी दुरुस्त केली.) म्हणालो, "तसंच काहीसं."

"म्हणजे साहेबांची मंजुरी मिळावी म्हणून कागदावर नऊ दाखवलात, आणि जागेवर एकवर बांधून घेतलात! काका, बंडच केलंत तुम्ही!"

मी मान खाली घातली. ती लाजेने गेली होती. तिला विनय वाटला.

हरभऱ्याच्या झाडावर लोक चढवतात तेव्हा चढणाऱ्याला कळत नाही म्हणे. खोटं आहे. चांगलं कळतं. फांदी न् फांदी मोजत चढलो.

शुक्रवार, १४ मार्च

नव्या आराखड्यात खांब राहणार. नुसता राहणार नाही, सगळा नवा चौक त्याच्याभोवती फिरणार. वर काचेचं छत. आणि खांबाला पितळी पाटी. मजकूर टायसाहेबांनी दाखवला — "या खांबाची कल्पना" आणि खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

पितळी! कागद असता तर ब्लेडने खरवडला असता.

सोमवार, १७ मार्च

फोटो काढला. मी खांबावर हात ठेवून उभा. टायसाहेबांनी स्वतःचा टाय काढून मला घातला, केवढा हा त्याग! मॉलच्या पानावर फोटो गेला. खाली ओळ — "खांबामागचा माणूस". फोटोत दोघांपैकी खांब जास्त हुशार दिसतो.

बायकोने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. सगळ्या.

रात्री जेवताना म्हणाली, "इतकी वर्षं बोलला नाहीत. मला वाटायचं तुम्ही नुसते दिवे बदलता." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. माझ्या घशाखाली घास उतरेना. तिला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

बुधवार, १९ मार्च

ताईचा फोन आला. ताई म्हणजे मामांची मुलगी, माझ्याहून मोठी. मामा तिच्याकडेच असतात.

आधी तब्येतीचं विचारलं. मग हवेचं. मग म्हणाली, "फोटो पाहिला. छान आलाय. एक विचारू? तो खांब तू मुद्दाम दारात बांधून घेतलास म्हणे."

मूग गिळणं म्हणतात, मी पोतंभर गिळले.

"मग त्यापायी बाबांची नोकरी कशी गेली? मी तेव्हा घरीच होते. घरात काय दिवस काढले ते तुला माहीत नाही. बाबा म्हणायचे, माझी चूक झाली, चुकीची शिक्षा झाली, विषय संपला. आता तू म्हणतोस चूक नव्हतीच, शक्कल होती. आणि तुझी होती."

"ताई..."

"फोटो बाबांना दाखवलेला नाही. तू येऊन सांग काय ते. तू आला नाहीस तर मी दाखवणार."

फोन ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

गुरुवार, २० मार्च

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. माझ्याकडे तर बैलही नाही.

रविवार, २३ मार्च

गेलो. आधी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर उठली, ट्रंकेतून चिठ्ठी काढून माझ्या खिशात घातली आणि म्हणाली, "जा. आणि आल्यावर मला सांगू नका की जमलं नाही." बरोबर येतेस का विचारलं. "नाही."

मामा त्र्याऐंशीचे आहेत. खिडकीपाशी खुर्ची. एक डोळा गेलाय, दुसऱ्यावर मोतीबिंदू. खुर्चीच्या बाजूची भिंत खांद्याच्या उंचीपर्यंत लिहिलेली! गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, "पंखा खडखडतो", "ताईचा वाढदिवस". लाल खडूने. ताई वैतागून म्हणाली, "बघ, वही आणून दिली तरी भिंतीवरच लिहितात."

मामांची ही सवय जुनी. बांधकामावर त्यांनी कधी वही बाळगली नाही. कानावर लाल खडू आणि समोर भिंत. मापं, निरोप, कोण गवंडी उद्या येणार नाही, एकदा तर आईसाठी आणायच्या औषधाचं नाव. सगळं भिंतीवर लिहायचे आणि वरून प्लास्टर करायचे. शहरातल्या कितीतरी भिंतींच्या पोटात त्यांचं अक्षर असेल.

"काय भाचेबुवा!" धपाटा आता हलका बसतो.

मी एका दमात बोललो. वाटेत चांगली वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आलं नाही. म्हणालो, मामा, तुम्ही वाचायला चुकला नव्हता. तुमच्या प्रतीवर एकच होता. तो मी काढला होता. चिठ्ठीत नऊ होता, मी एक वाचला. नंतर खरवडला. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. आणि आता मी लोकांना सांगितलंय की ती माझी कल्पना होती. मग रडलो. साठीला आलेला माणूस, नाक पुसायला रुमाल सापडेना, टायसाहेबांचा टाय खिशात निघाला. परत करायचा राहिलाय तो.

मामांनी हात पुढे केला. चिठ्ठी दिली. त्यांनी ती डोळ्यापाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"हा एकच आहे," म्हणाले.

"मामा, नऊ..."

"एक आहे रे. मी काय आकडे आज बघतोय? साहेबांचा हात असाच होता. तुझी काही चूक नाही. जा."

साहेबांच्या चिठ्ठ्यांवर वरच्या बाजूला ऑफिसचं नाव छापलेलं असे. मामांच्या हातात ते खाली होतं. चिठ्ठी उलटी धरली होती त्यांनी.

ताईनेही पाहिलं. तिने आत जाऊन चहा ठेवला.

मग मामांनी पहिल्यांदाच मॉलबद्दल विचारलं. "अजून उभा आहे?"

"आहे."

"लोक आदळतात?"

"रोज."

खदखदून हसले. मग म्हणाले, "तडा?"

"एकसुद्धा नाही. बाहेरची भिंत सुटली, पण खांब जसाच्या तसा."

"जाणार कुठे? स्वतः उभा राहून बांधून घेतलाय." मग जरा पुढे वाकून, "कुणी उघडून बघितला नाही ना?"

"नाही. कशाला उघडतील?"

"तेच. कशाला उघडतील."

दारापर्यंत ताई आली. म्हणाली, "पाटीचं काय करणार आहेस?" म्हटलं, उद्याच सांगतो. "सांग," एवढंच म्हणाली. पण पाठीवर हात ठेवला.

सोमवार, २४ मार्च

सांगितलं. बैठकीत, सगळ्यांसमोर. मालकांचे चिरंजीव, टायसाहेब, चष्मेवाली आणि दोन माणसं जी फक्त फोनमध्ये बघत होती. माझं ऐकून त्यांनीही फोन खाली ठेवले.

म्हणालो, खांब ही कल्पना नाही, चूक आहे. माझी आहे. शिक्षा दुसऱ्याला झाली. खांब पोकळ आहे, त्यात नळसुद्धा नाही.

चिरंजीवांनी विचारलं, "म्हणजे हा काहीच उचलून धरत नाही?"

"नाही."

"मग ठेवायचा कशाला?"

आता गंमत बघा. खोटं बोललो तेव्हा खांब वाचला. खरं बोललो आणि खांबाला फाशी! चुकीला पाटी कोण लावणार? चिरंजीवांच्या वडिलांचं नाकही त्यात गुंतलेलं. बैठकीतच ठरलं — खांब पाडायचा, दारापासून सरळ मोकळी वाट.

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होती. जाताना मला म्हणाली, "मला कालचे काका जास्त आवडायचे." मग दोन पावलं जाऊन वळली. "नाही. तसं नाही. पण मला राग आलाय."

येऊ दे. मलाही आलाय, त्याच माणसाचा.

टाय परत केला. टायसाहेबांनी तो चिमटीत धरून घेतला.

बुधवार, २६ मार्च

इतिहास माझ्याकडून काढून घेतील असं वाटलं होतं. घेतला नाही. दुसरा कुणी फुकट लिहायला तयार नाही.

शुक्रवार, २८ मार्च

खांब जाणार ही बातमी फुटली. लोक येऊन फोटो काढताहेत. सत्तरीचं एक जोडपं आलं. आजोबा खांबाला पाठ लावून उभे राहिले. आजी म्हणाल्या, "असेच उभे होते हो, फक्त केस होते." एक बाई एकटीच आली, हात लावला, गेली.

टाचणीने कुणीतरी कागद टोचायचा प्रयत्न केला. टाचणी वाकली. मामांचं प्लास्टर!

इतिहासाचा तिसरा परिच्छेद आज पुरा केला. त्यात मामांचं नाव घातलं, माझंही घातलं, आणि कुणी काय केलं ते लिहिलं. टायसाहेबांनी वाचला. मला वाटलं, फाडणार. म्हणाले, "काका, पत्र्यावर एवढा मोठा मजकूर मावणार नाही." मग म्हणाले, "कारंज्याचं कमी करू."

सोमवार, ३१ मार्च

ताईला फोन करून सांगितलं, परवा पाडणार. मामांना शेवटचं बघायचंय का विचार. तिने विचारलं. मागून त्यांचा आवाज ऐकू आला — "भाचेबुवांना म्हणावं, लांब उभा राहा. वीट उडते."

बुधवार, २ एप्रिल

सकाळी नऊला पाडायला घेतला. चष्मेवालीही आली होती, जरा बाजूला उभी राहिली. मी मामांनी सांगितल्याप्रमाणे लांब.

कामगाराने छातीच्या उंचीवर पहिल्या विटा काढल्या, भोकात बॅटरी मारली आणि थांबला. म्हणाला, "आत काहीतरी लिहिलंय." मला चष्मा सापडेना. त्यानेच अडखळत वाचलं. पलीकडच्या बाजूच्या विटांवर, आतून, लाल खडूने —

"नळ ९ वर. भाचेबुवांनी खांब १ वर काढलाय. नोकरी कच्ची आहे. असू दे."

खाली तारीख. मालक आदळले त्याच्या सोळा दिवस आधीची.

"हे भाचेबुवा कोण?" कामगाराने विचारलं.

मी हात वर केला.